‘कुठे निघालीस?’

कोरोनाच्या काळात तरुण मुलींचं चालणं-फिरणं थांबलं ते आळसामुळे, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण त्यांच्या चालण्याला जी जी निमित्तं होती, ती सगळी एकाच आठवड्यात नाहीशी झाली, त्याचं काय?

‘आजकालच्या मुलींना हलायला म्हणून नको! दिवसभर मोबाइल घेऊन लोळत पडायचं, बस्स!’ हे वाक्य आपण कुठे ऐकलेलं नाही? हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, सोसायटीच्या बाकावर... सगळीकडे. आणि कोरोनाचा विषय निघाला की त्याला आणखी एक शेपूट जोडलं जातं, ‘त्या लॉकडाऊनने सवयच लावली बाई यांना बसायची.’ ऐकणारी मान डोलावते आणि विषय संपतो.

मला हा विषय इतक्या लवकर संपू द्यायचा नाही. कारण त्या काळात ज्या मुली विशी-पंचविशीत होत्या, त्या आज तिशीच्या उंबरठ्यावर आहेत, काही ओलांडूनही गेल्या. हाडं भक्कम होण्याची जी वर्षं असतात ती साधारण तिशीपर्यंतचीच. पुढे आपण असलेली पुंजी सांभाळायची, तिच्यात फारशी भर घालता येत नाही. त्या पुंजीची दोन वर्षं कुठे गेली, याचा हिशोब मांडायला बसलो तर ‘आळशी’ असा एकच शब्द लिहून वही मिटता येणार नाही.

जरा मार्च २०२० च्या आधीचा दिवस आठवून बघूया. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ४८ किलोमीटर. कल्याणहून त्याहून थोडं जास्त, ठाण्याहून सुमारे ३४. नोकरीला किंवा कॉलेजला जाणारी मुलगी सकाळी घरातून निघायची. शेअर रिक्षाची रांग मोठी असली तर सरळ चालत स्टेशन गाठायची. पुलाचा जिना चढायचा, उतरायचा. ऐन वेळी इंडिकेटर बदलला की पर्स छातीशी धरून पुन्हा जिना चढायचा. लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तर नशीब, नाहीतर मुलुंड, घाटकोपर, दादरपर्यंत उभं. तिकडे उतरलं की पुन्हा जिना, पुन्हा चालणं. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने, वर स्टेशनबाहेरून भाजीची पिशवी!

या मुलीला कोणी विचारलं असतं, ‘काय गं, व्यायाम करतेस का?’ तर ती हसून म्हणाली असती, ‘वेळ कुठे आहे?’ आणि तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. पण पायांना, हृदयाला, फुप्फुसांना नाव कुठे कळतं? जिना तो जिनाच. तो जिमच्या मशीनवर चढलात काय आणि कल्याणच्या पुलावर चढलात काय!

याचा एक फार जुना आणि सुंदर पुरावा आहे. जेरी मॉरिस नावाच्या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वरखाली. पगार, वस्ती, राहणीमान जवळपास सारखं. पण हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये ड्रायव्हरांपेक्षा बरंच कमी निघालं. कंडक्टरांपैकी कोणी ‘व्यायाम करतो’ म्हणून जिना चढत नव्हतं. तिकिटं फाडायची होती म्हणून चढत होते. शरीराला मात्र त्याचा फायदा व्हायचा तो झालाच.

आपल्या मुलींचंही हेच होतं. त्यांची हालचाल नोकरीच्या, कॉलेजच्या, क्लासच्या पोटात दडलेली होती. ती कोणाच्या लक्षात आली नव्हती, त्यांच्या स्वतःच्याही नाही. म्हणूनच ती गेली तेव्हा काय गेलं, हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि त्या रात्रीपासून प्रवाशांसाठी लोकल बंद झाल्या. २५ मार्चला देशभरची टाळेबंदी सुरू झाली, आणि तो दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. डोंबिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको. १९९९ साली गणेश मंदिर संस्थानने नववर्षाची स्वागतयात्रा सुरू केली, तेव्हापासून पाडव्याची सकाळ म्हणजे रस्त्यावरची सकाळ. लेझीम, ढोल-ताशे, नऊवारीतल्या बुलेटस्वार पोरी. डोंबिवलीचं बघून ठाणे, कल्याण आणि पुढे कितीतरी गावांनी हे उचललं. त्या वर्षी मात्र पाडव्याला फडके रोडवर शुकशुकाट होता.

आता ढोल-ताशा पथक म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात एखादी वादक मुलगी आहे त्यांना विचारा. महिना-दोन महिने रोज संध्याकाळी सराव. कमरेला ढोल बांधून तास-दोन तास उभं राहायचं, वाजवायचं, पावलं टाकायची. खांदे, पाठ, पोटऱ्या, सगळ्यांची परीक्षा. आणि घरचे पाठवतात, कारण पथक आहे, सण आहे, देवाचं काम आहे, चार ओळखीच्या मुली आहेत. त्या वर्षी दहीहंडी झाली नाही, गणपतीच्या मिरवणुका झाल्या नाहीत, नवरात्रात गरब्याला परवानगी मिळाली नाही. साथ होती, गर्दी टाळायलाच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण सणांबरोबर मुलींच्या अंगातला घामही रद्द झाला, हे आपण कुठे नोंदवलं?

जगभरच हे झालं, हे खरं. अमेरिकेतल्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतल्या साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या मोबाइलमधल्या पावलांच्या नोंदी तपासल्या. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला महामारी जाहीर केली, त्यानंतरच्या तीस दिवसांत लोकांची रोजची पावलं सरासरी सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाली होती. आणि ही माणसं कोण? तर पावलं मोजायचं अ‍ॅप आपण होऊन मोबाइलवर घेणारी, म्हणजे मुळातच चालण्याची आवड असलेली. ज्यांच्या पावलांची कोणी मोजदादच केली नाही, त्यांचं काय झालं असेल?

पण मैत्रिणींनो, मला खरं बोलायचं आहे ते पुढचं. बंदी सगळ्यांनाच होती. मग त्यातून बाहेर पडण्याची वाट सगळ्यांना सारखी मिळाली का?

आपल्याकडे बाईच्या हालचालीला कायम निमित्त लागत आलं आहे. विचार करून बघा. आपल्या आज्या-पणज्या मंगळागौरीला रात्र-रात्र फुगड्या घालायच्या, झिम्मा खेळायच्या, पिंगा घालायच्या. त्यातले काही खेळ इतके अवघड, की आजच्या जिममधल्या ट्रेनरने तोंडात बोट घालावं. पण त्याला निमित्त मंगळागौरीचं. वर्षभर पोरीने उगाच अंगणात उड्या मारलेल्या कोणाला चालल्या असत्या? आज अंगण गेलं, पण निमित्ताची अट तशीच आहे. मुलगा ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणतो आणि चप्पल घालून निघतो. त्या ‘जरा’ला पत्ता नसतो, वेळ नसते, कारण नसतं. मुलगी दारापर्यंत गेली की आतून आवाज येतो, ‘कुठे निघालीस?’ मग, कोणाबरोबर? किती वेळ? आणि हे आत्ताच कशाला?

हे विचारणारी माणसं वाईट नसतात. काळजीपोटीच विचारतात. पण कॉलेज, ऑफिस, क्लास, पथक, मैत्रिणीचा वाढदिवस, देवळात जाणं ही सगळी तिची उत्तरं होती. मार्च २०२० मध्ये ही सगळी उत्तरं एकदम संपली. प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्यातून घरातून एकानेच बाहेर पडायचं, असं सगळीकडे सांगितलं जात होतं. तो ‘एक’ कोण, हे घराघरात न बोलता ठरलं. वडील नाहीतर भाऊ. वाण्याकडे तो, दूध आणायला तो, औषधाला तो. तेवढीच त्याला चार पावलं, तेवढीच हवा. मुलीला बाहेर पडण्याचं कारणच उरलं नाही. फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी रस्त्यावर उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. बघून हसलो आपण. पण ते बघितल्यावर कोणती आई मुलीला ‘जा, एक चक्कर मारून ये’ म्हणणार होती?

मग शासनाने मुभा दिली. ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशाप्रमाणे ३ जून २०२० पासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात चालणं, धावणं, सायकल चालवणं यासाठी घराजवळच्या मोकळ्या जागी जायला हरकत नव्हती. सायकलला तर खास उत्तेजनच होतं, कारण सायकलवर आपोआप अंतर राखलं जातं. महिनाभर जरा श्वास घेतला, तोच २ जुलैपासून ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागली. आधी १२ तारखेपर्यंत, मग वाढवून १९ जुलैपर्यंत. जिम उघडल्या त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत त्या पुन्हा बंद झाल्या.

एका बाबतीत मात्र बायकांचा नंबर आधी लागला, तेही सांगायला हवं. २१ ऑक्टोबर २०२० पासून, ऐन नवरात्रात, सगळ्या महिलांना सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर लोकलने जायची परवानगी मिळाली. अत्यावश्यक सेवेत नसलेल्या पुरुषांना त्यासाठी १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावं लागलं.

म्हणजे व्यायामासाठी बाहेर पडायला सरकारने मधून मधून का होईना, परवानगी दिली होती. घराने दिली का? हा माझा प्रश्न आहे.

यावर लगेच कोणी म्हणेल, ‘अहो, पण घरात करायला कोणी अडवलं होतं? यूट्यूबवर फुकट व्यायाम शिकवतात. सूर्यनमस्काराला तर सतरंजीएवढी जागा पुरते!’ मान्य. सूर्यनमस्कारासारखा स्वस्त आणि मस्त व्यायाम नाही. काही मुलींनी तो नेमाने केलाही. पण सतरंजीएवढी जागा तरी कोणाकडे होती, ते बघूया.

डोंबिवली पूर्वेच्या नाहीतर कल्याणच्या एखाद्या वन बीएचकेत पाच माणसं. हॉलमध्ये बाबांचं ऑफिस. बेडरूममध्ये भावाचे ऑनलाइन क्लास. आजी कॉटवर. उरलं स्वयंपाकघर, तिथे आई. आता या मुलीने सतरंजी कुठे पसरायची? समजा पसरली, तर बाबांच्या मीटिंगच्या मागे ती हात वर-खाली करताना दिसणार. उड्या मारल्या तर खालच्या मजल्यावरून तक्रार. ट्रॅकपँट आणि टी-शर्ट घालून भावासमोर, आजोबांसमोर, आलेल्या काकांसमोर वाकायचं, ताणायचं, धापा टाकायच्या, याचा संकोच वेगळाच. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीबद्दल तर बोलायलाच नको. गच्ची होती, पण पुष्कळ सोसायट्यांनी गच्चीलाच कुलूप घातलं होतं. गर्दी होईल, रोग पसरेल म्हणून. किल्ली सेक्रेटरींकडे. आणि वीस वर्षांच्या मुलीने सेक्रेटरींकडे जाऊन ‘काका, मला गच्चीत दोरीच्या उड्या मारायच्या आहेत’ म्हणायचं? कल्पनाच करा!

ज्यांना जमलं त्या मुली कोणत्या, हे मी ओळखीपाळखीच्या घरांत बघत आले आहे. तीन गोष्टींपैकी निदान एक तरी तिथे होती. दाराला आतून कडी लावता येईल अशी एखादी खोली होती. किंवा ठरल्या वेळी व्हिडिओ कॉलवर येणारी मैत्रीण, बहीण, मावसबहीण होती, ‘चल, सात वाजले, ऊठ’ म्हणणारी. किंवा ‘भांडी राहू दे, आधी तुझं आटप’ असं म्हणणारी आई होती. इच्छाशक्ती वगैरे म्हणतात ती या तिन्हींनंतर येते. जागा, सोबत आणि मोकळा वेळ दिला तर कालपर्यंतची ‘आळशी’ मुलगीही महिनाभरात पन्नास सूर्यनमस्कारांवर जाते. आणि तिन्ही काढून घेतले तर भल्याभल्या खेळाडू मुलीही गादीला चिकटतात.

वेळेचं तर विचारूच नका. ‘घरातच तर होत्या, वेळच वेळ!’ असं वाटतं ना? केंद्र सरकारने २०१९ साली माणसं दिवसाचा वेळ कशी घालवतात, याची देशभर पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, घरच्यांसाठी बिनपगारी कामात जात होते. पुरुषांपैकी मुळात चौघांतला एकच घरकामाला हात लावणारा, आणि त्याची मिनिटं ९७. हे कोरोनाच्या आधीचं. पुढे कामवाल्या बायकांचं येणं बंद झालं, सगळी माणसं तिन्ही त्रिकाळ घरात, चहा सहा वेळा, नवनवे पदार्थ, बाहेरून आणलेली भाजी धुणं, पिशव्या धुणं... या वाढलेल्या कामात घरातल्या तरुण मुलीचा वाटा किती आणि मुलाचा किती, हे प्रत्येकीने आपापल्या घरातलं आठवावं.

‘मग झालाच की व्यायाम!’ असंही म्हणतात. यात अर्धं सत्य आहे. केर काढणं, फरशी पुसणं, बादल्या उचलणं ही हालचालच आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती हिशोबात धरते. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यात सूर असाच आहे की प्रत्येक हालचाल मोलाची. पण ओट्याशी तासभर उभं राहून पोळ्या लाटणं म्हणजे भरभर चालणं नव्हे. त्याने पाय दुखतात, दम वाढत नाही. आठवड्याला निदान १५० मिनिटं दम जरा वाढेल अशी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, असं त्या तत्त्वांत प्रौढांसाठी सांगितलं आहे. आणि शरीराइतकंच मनाचंही आहे. घरकाम दुसऱ्यांसाठी असतं. ते संपल्यावर ‘आज मी माझ्यासाठी काही केलं’ असं वाटत नाही. त्या कोंडलेल्या दिवसांत मुलींना सगळ्यात जास्त गरज त्याच भावनेची होती.

मन मेलेलं असलं की पायही उचलत नाहीत, हेही विसरता येत नाही. कोणाची नुकती लागलेली नोकरी गेली, कोणाचं ठरलेलं लग्न पुढे ढकललं गेलं, कोणाची परीक्षा लटकली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर घरोघरी सहा मिनिटं चालण्याची चाचणी चालली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा बघायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, पुन्हा आकडा बघायचा. ज्या घरात चालण्याचा अर्थच ‘आकडा खाली जातो का बघूया’ असा झाला होता, तिथे एखाद्या पोरीने उत्साहाने दोरीच्या उड्या माराव्यात ही अपेक्षा कशी करायची? ज्या घरातलं माणूस गेलं, तिथलं तर सोडाच.

आणि सगळ्याच मुली काही बसून नव्हत्या. नर्स, वॉर्डमधल्या आया, सफाई कामगार, बँकेतल्या, औषधाच्या दुकानातल्या मुली रोज बाहेर पडत होत्या. १५ जून २०२० ला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू होईपर्यंत कल्याण-डोंबिवलीहून मुंबई गाठायला बसच्या लांबलचक रांगा लावत होत्या. पीपीई किटमध्ये तास न् तास उभं राहून घरी आलेल्या मुलीला ‘व्यायाम कर’ सांगायला जीभ रेटणार नाही. तिला गरज होती विश्रांतीची. घरकाम करणाऱ्या मुलींचं उलट. या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमध्ये, चार मजले चढून-उतरून त्यांचा दिवस जायचा. त्यांचं चालणं थांबलं तेव्हा चूलही थांबली. म्हणून म्हणते, ‘तरुण पिढी’ असा एकच गठ्ठा बांधून निकाल देऊ नये.

आता मैदानांकडे वळू. डोंबिवलीतलं सावळाराम महाराज क्रीडासंकुल. कोरोनात तिथे कोविड रुग्णालय उभं राहिलं. त्याने कितीतरी जीव वाचवले असतील, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण शहरात मोजकीच मैदानं असली की संकटात पहिला घास त्यांचाच जातो. उरतं काय? कल्याणला काळा तलाव. ठाण्याला आपली तलावपाळी, कचराळी, उपवन, आणि ज्यांना जमेल त्यांना येऊर. या जागा ज्यांच्या दारात, त्यांचं ठीक. दिव्याच्या नाहीतर कल्याण पूर्वेच्या आतल्या गल्लीतल्या मुलीने काय करायचं? आणि मैदान असलं तरी संध्याकाळी सातला तिथे दिवा आहे का? बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? कट्ट्यावर बसलेलं टोळकं आहे का? मुलगी मैदानावर जाते की नाही, हे या तीन प्रश्नांवर ठरतं, तिच्या उत्साहावर नाही.

‘झालं गेलं, आता कशाला उकरून काढता?’ असं वाटेल. पण ते सगळं खरंच गेलं का? २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के बायकांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होतं. वेळेच्या वापराची सरकारी पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली. तेव्हा बायकांचं बिनपगारी घरकाम २८९ मिनिटांवर आलं होतं. पाच वर्षांत, मध्ये एवढी महामारी होऊन गेल्यावर, दहा मिनिटं कमी! आणि आता कितीतरी मुलींचं ऑफिस आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच असतं. लोकलचे धक्के वाचले म्हणून आपण खूश. पण त्या दिवशी जिना नाही, पूल नाही, स्टेशनपर्यंतचं चालणं नाही. वर ‘घरीच आहेस ना, मग जरा कुकर लाव’ हे आहेच. म्हणजे मुलींच्या आयुष्यात लॉकडाऊन आठवड्यातून दोन-तीनदा येऊन जातोच आहे!

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. आठवड्याची १५० मिनिटं म्हणजे रोजची बावीस मिनिटं सुद्धा होत नाहीत. घरातल्या मुलीची ही मिनिटं तिच्या नावावर लिहून टाकूया. त्या वेळात तिला हाक मारायची नाही, कुकर लावायला सांगायचं नाही, आणि ती चप्पल घालून निघाली तर कारण विचारायचं नाही. काळजी वाटते ना? मग ‘कुठे निघालीस’ऐवजी ‘फोन घेतलास ना’ एवढंच विचारूया. मुलाला कुठे आपण यापेक्षा जास्त विचारतो?

सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन-दोन तास भांडणं होतात. पुढच्या सभेत एक ठराव गच्चीचाही मांडूया. सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळ गच्ची उघडी, एक दिवा चालू, वहीत नाव लिहून जायचं. संकट आलं तर कुलूप घालण्याऐवजी वेळा वाटून द्यायच्या. एका वेळी दोन घरं, पंधरा-पंधरा मिनिटं. पाण्याच्या वेळा आपण वर्षानुवर्षं वाटून घेतोच आहोत, गच्चीच्या का नाही?

आणि महापालिकांनाही सांगायला हवं. ठाण्याची असो की कल्याण-डोंबिवलीची. पुढच्या संकटात मैदान रुग्णालयासाठी घ्यावं लागलं तर जरूर घ्या, पण त्याच दिवशी त्या भागातल्या लोकांनी चालायचं कुठे, तेही जाहीर करा. रेशन आणि औषधाइतकीच मोकळी जागा ही गरजेची गोष्ट आहे, हे आपत्तीच्या आराखड्यात लिहून ठेवा. मैदानात दिवे लावताना आणि स्वच्छतागृह बांधताना तिथल्या मुलींना एकदा विचारून बघा. नगरसेवक मतं मागायला दारात येतात, तेव्हा नळ आणि गटाराबरोबर हेही त्यांच्या कानावर घालणं आपल्या हातात आहे.

राहता राहिली सोबत. ती कोणत्याही सरकारी आदेशाने मिळत नाही. ती आपणच देऊ शकतो. लेक एकटी जायला कचरत असेल तर तिच्याबरोबर आईनेच निघावं, असं मला मनापासून वाटतं. आयांनाही कुठे कोणी विनाकारण चालू दिलं होतं? आपलं चालणं कायम भाजीला, देवळाला, शाळेच्या गेटपर्यंत. तेव्हा उद्या संध्याकाळी पिशवी न घेता दोघी निघा. तलावपाळीला जा, काळ्या तलावाला जा, नाहीतर आपल्याच गल्लीला चार फेऱ्या मारा. कोणी हटकलं, ‘काय हो, कुठे निघालात मायलेकी?’ तर सांगा, ‘कुठे नाही, सहज!’ सुरुवातीला जरा जड जाईल ते उत्तर. चार-आठ दिवसांत विचारणारेही सरावतील.